जयप्रकाश नारायण : किडन्या निकामी झाल्यावर यंत्राच्या आधारानं देशाचं सरकार बदलणारा माणूस

मार्च 1979. दिल्लीत लोकसभेचं कामकाज सुरू होतं. पंतप्रधान मोरारजी देसाई उभे राहिले आणि त्यांनी सभागृहाला सांगितलं की जयप्रकाश नारायण आता आपल्यात नाहीत. श्रद्धांजली वाहिली गेली, सभागृह तहकूब झालं, आकाशवाणीवरून बातमी देशभर गेली.

आणि इकडे मुंबईत, पेडर रोडवरच्या जसलोक हॉस्पिटलमध्ये, जेपी चक्क जिवंत होते.

सरकारला खुलासा करावा लागला, नाचक्की व्हायची ती झालीच. पण देशाच्या पंतप्रधानांचा इतका मोठा घोळ कसा काय झाला, याचं अर्धं उत्तर जेपींच्या तब्येतीत आहे. त्यांच्या दोन्ही किडन्या साडेतीन वर्षांपूर्वीच निकामी झाल्या होत्या. त्यामुळे ‘जेपी गेले’ ही बातमी कुणालाही, कधीही खरी वाटू शकत होती. साडेतीन वर्षं हा माणूस एका यंत्राच्या भरवशावर जगत होता, आणि त्याच काळात त्यानं केंद्रातलं काँग्रेसचं सरकार पहिल्यांदा पाडून दाखवलं होतं.

जेपींच्या राजकारणावर भरपूर लिहिलं गेलंय. त्यांच्या किडन्यांवर फारसं कुणी बोलत नाही. पण 1975 नंतरचे जेपी समजून घ्यायचे असतील, तर या मुठीएवढ्या दोन अवयवांचं काम समजून घ्यावंच लागतं.

हजारीबागची भिंत आणि नाशिकचा तुरुंग

जेपींचा जन्म 11 ऑक्टोबर 1902 चा. गाव सिताबदियारा, गंगा आणि घाघरा या नद्यांच्या संगमाजवळचं. पोरगा हुशार, विज्ञानाचा विद्यार्थी. पाटण्यात शिकत असताना असहकार चळवळ सुरू झाली आणि परीक्षा तोंडावर असताना त्यांनी सरकारी मदतीवर चालणारं कॉलेज सोडलं.

त्याच्या आधीच, 1920 मध्ये, त्यांचं लग्न प्रभावतींशी झालं होतं. 1922 मध्ये जेपी शिकायला अमेरिकेला गेले आणि प्रभावती गांधीजींच्या आश्रमात राहायला गेल्या. अमेरिकेत जेपींनी द्राक्षं तोडली, हॉटेलात भांडी घासली, कारखान्यात काम केलं. फी परवडेना म्हणून एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात, असं करत करत विज्ञानाकडून समाजशास्त्राकडे वळले. 1929 मध्ये परत आले तेव्हा नवरा पक्का मार्क्सवादी झाला होता आणि बायको पक्की गांधीवादी. प्रभावतींनी ब्रह्मचर्याचं व्रतही घेतलं होतं. जेपींनी ते मान्य केलं. दोघांना मूल नव्हतं.

1932 मध्ये अटक झाली आणि जेपींना नाशिकच्या तुरुंगात ठेवलं गेलं. तिथे त्यांना भेटले अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे. काँग्रेसमध्ये राहून समाजवादी गट काढायचा ही कल्पना या तुरुंगातल्या गप्पांमध्ये पिकली आणि 1934 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. म्हणजे महाराष्ट्रातल्या समाजवादी चळवळीचं एक मूळ नाशिकच्या बराकीत आहे, असं म्हटलं तरी चालेल.

पुढची गोष्ट सिनेमाला शोभेल अशी आहे. 1942 ची दिवाळी. हजारीबाग तुरुंगात सगळे सणाच्या गडबडीत. जेपी आणि पाच साथीदारांनी धोतरांना गाठी मारून दोर केला आणि भिंत ओलांडून पसार झाले. चपला-बूट आणि पैशांचं गाठोडं मात्र भिंतीच्या आतच राहिलं! अनवाणी पायांनी जंगल तुडवत ते निसटले. पुढे 1943 मध्ये पकडले गेले, लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा छळ झाला, रात्र-रात्र झोपू दिलं गेलं नाही. सुटका झाली ती थेट 1946 मध्ये.

स्वातंत्र्यानंतर मंत्रिपद सहज मिळालं असतं. त्यांनी 1954 मध्ये विनोबांच्या भूदान चळवळीला आयुष्य देऊन टाकलं. 1972 मध्ये चंबळच्या डाकूंनी त्यांच्या शब्दावर शस्त्रं खाली ठेवली. एप्रिल 1973 मध्ये प्रभावती कॅन्सरनं गेल्या. जेपी एकटे पडले. वय सत्तर, अंगात जुना मधुमेह, सार्वजनिक आयुष्य संपत आलेलं, असं सगळ्यांना वाटत होतं.

मग 1974 मध्ये बिहारचे विद्यार्थी त्यांच्या दारात आले.

आंदोलन आणि आजारपण, दोन्ही एकत्र

बिहारचं आंदोलन पेटलेलं असतानाच जेपींना प्रोस्टेटच्या ऑपरेशनसाठी वेल्लोरला जावं लागलं. परत आले आणि 5 जून 1974 ला पाटण्याच्या गांधी मैदानात त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. नोव्हेंबरमध्ये पाटण्यातल्या मोर्चावर लाठ्या चालल्या, तेव्हा त्यांच्यावर येणारे वार अंगावर घेतले ते नानाजी देशमुखांनी. नानाजी मूळचे आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे.

25 जून 1975 ला दिल्लीच्या रामलीला मैदानावर जेपींची प्रचंड सभा झाली. त्याच रात्री आणीबाणीच्या आदेशावर सही झाली. पहाट व्हायच्या आत पोलीस गांधी शांती प्रतिष्ठानमध्ये पोहोचले आणि झोपलेल्या जेपींना उठवून घेऊन गेले. आधी हरियाणातलं सोहना, मग दिल्लीचं एम्स, आणि 1 जुलैपासून चंडीगडचं पीजीआय हॉस्पिटल. कागदावर ते रुग्णालय, पण जेपींसाठी तो तुरुंगच होता. सोबतीला कुणी राजकीय कैदी नाही, भेटीगाठी नाहीत. ते डायरी लिहायचे.

पावसाळा सरला तशी तब्येत ढासळायला लागली. पोट दुखायचं, भूक मेली, थकवा यायचा, अंगावर सूज दिसायला लागली. चंडीगडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी एम. जी. देवसहायम यांच्यावर जेपींच्या कोठडीची जबाबदारी होती. हा माणूस कोठडीत गेला तर काय होईल, याची धास्ती त्यांनी घेतली आणि सुटकेसाठी वर हालचाली केल्या. 12 नोव्हेंबर 1975 ला जेपींना पॅरोल मिळाला. तिथून दिल्ली आणि मग महिनाअखेरीपूर्वी मुंबईचं जसलोक. तिथे डॉ. एम. के. मणी हे किडनीतज्ज्ञ होते. निदान स्पष्ट झालं : दोन्ही किडन्या कायमच्या निकामी.

मुळात किडनी करते काय?

आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं की किडनी रक्त गाळते आणि घाण लघवीवाटे बाहेर टाकते. ते खरंय, पण अर्धवट आहे.

दर मिनिटाला साधारण एक लिटरहून जास्त रक्त दोन किडन्यांमधून फिरतं. हृदय जेवढं रक्त बाहेर ढकलतं, त्याचा जवळपास पाचवा हिस्सा फक्त या दोघींसाठी. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता असतो. रक्ताच्या दाबामुळे त्यातून पाणी, मीठ, साखर, युरिया असं सगळं बारीकसारीक बाहेर झिरपतं. रक्तपेशी आणि प्रथिनं मोठी असल्यामुळे आतच राहतात.

असं दिवसाला किती पाणी झिरपत असेल? सुमारे 180 लिटर. ऑफिसात किंवा लग्नात 20 लिटरचे पाण्याचे जार येतात ना, तसे नऊ जार. आपल्या शरीरात रक्तातला द्रव असतो जेमतेम तीन लिटर. म्हणजे तोच द्रव दिवसातून साठेक वेळा गाळला जातो.

पण आपण नऊ जार लघवी करत नाही, दीड-दोन लिटरच करतो. बाकीचं कुठे गेलं? खरी गंमत इथे आहे. गाळलेलं पाणी पुढे एका लांब, वळणावळणाच्या नळीतून जातं आणि ती नळी त्यातलं 99 टक्के पाणी परत रक्तात ओढून घेते. साखर जवळपास सगळी परत. मीठ लागेल तेवढं परत. पोटॅशियम जास्त झालं असेल तर बाहेर. किडनी म्हणजे घरातला सगळा पसारा आधी अंगणात काढायचा आणि मग हवं तेवढंच आत न्यायचं, अशी साफसफाई आहे. फरक इतकाच की आपण ती दिवाळीला करतो, किडनी दिवसभर करत असते.

उन्हातून चालत आलात, घाम गेला, पाणी प्यायला नाही, तर मेंदूखालची पीयूष ग्रंथी एक हार्मोन सोडते आणि किडनी जास्त पाणी परत ओढते. म्हणून लघवी कमी आणि गडद होते. रक्तदाब घसरला तर किडनी स्वतः रेनिन नावाचं रसायन सोडते. त्यातून पुढे रक्तवाहिन्या आकसतात आणि मीठ-पाणी शरीरात धरून ठेवलं जातं. रक्तातली आम्लता किडनी सांभाळते. तांबड्या पेशी बनवा, असा निरोप हाडांमधल्या मगजाला हार्मोन पाठवून तीच देते. हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व कामाला लावणारीही तीच.

म्हणून किडनी बंद पडली की फक्त लघवीचा प्रश्न उरत नाही. पाणी साठतं, सूज येते, फुप्फुसांत पाणी भरून दम लागतो. युरिया साठला की भूक मरते, मळमळतं, डोकं सुन्न होतं. रक्त कमी होतं आणि माणूस पांढराफटक पडतो. आणि पोटॅशियम वाढलं तर हृदय अचानक थांबू शकतं.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे किडनी तक्रार करत नाही. निम्म्याहून जास्त नेफ्रॉन मेले तरी उरलेले जास्तीचं काम उचलतात आणि माणसाला काही कळत नाही. कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. मधुमेहात वर्षानुवर्षं वाढलेली साखर या बारीक गाळण्या खराब करते, प्रोस्टेट वाढलं तर लघवी तुंबून मागे किडनीवर ताण येतो, आणि वय तर असतंच. जेपींकडे यातलं सगळंच होतं.

याचा अर्थ त्यांच्या किडन्या याच कारणांनी गेल्या, असा निकाल आज खुर्चीत बसून देता येणार नाही. त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना कोठडीतल्या उपचारांबद्दल संशय होता, खुद्द जेपींच्या मनातही तो होता. जाणूनबुजून काही केलं गेलं हे कधी सिद्ध झालं नाही. पण मधुमेह असलेला 73 वर्षांचा माणूस साडेचार महिने सरकारच्या ताब्यात, त्यातही बहुतेक काळ देशातल्या एका नामांकित रुग्णालयात होता आणि किडन्या पूर्ण जाईपर्यंत वेळ आली, ही गोष्ट तशीही साधी नाही. ताब्यातल्या माणसाच्या तब्येतीची जबाबदारी ताब्यात घेणाऱ्याची असते.

मग आलं डायलिसिस

रक्त शरीराबाहेर काढायचं, एका पातळ पडद्याच्या एका बाजूनं वाहू द्यायचं, पडद्याच्या दुसऱ्या बाजूला मोजून-मापून क्षार मिसळलेलं पाणी ठेवायचं. रक्तातला जास्तीचा युरिया आणि पोटॅशियम पडद्यातून पाण्यात उतरतात, पेशी आणि प्रथिनं मागे राहतात. स्वच्छ झालेलं रक्त परत शरीरात. डायलिसिस म्हणजे एवढंच.

हे यंत्र पहिल्यांदा बनवलं विलेम कोल्फ या डच डॉक्टरनं, दुसऱ्या महायुद्धात, नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये. पडदा म्हणून त्यानं सॉसेज गुंडाळायचं सेलोफेन वापरलं होतं. सुरुवातीचे जवळपास सगळे रुग्ण दगावले. 1945 मध्ये या यंत्रानं जी पहिली रुग्ण खऱ्या अर्थानं वाचली, ती 67 वर्षांची बाई नाझींना साथ दिली म्हणून कैदेत होती. लोकांचा तिच्यावर राग होता, कोल्फनं तरीही तिला वाचवलं.

अडचण एवढीच होती की दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागायची आणि काही वेळा असं केलं की वाहिन्याच संपायच्या. 1960 मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची बसवता येईल अशी टेफ्लॉनची नळी, म्हणजे शंट, तयार केली. तेव्हापासून किडन्या गेलेला माणूस वर्षानुवर्षं जगू शकायला लागला. यंत्रं इतकी कमी होती की सिएटलमध्ये कोणाला जगवायचं हे ठरवायला चक्क नागरिकांची समिती होती.

1975 च्या भारतात अशी समितीही नव्हती, कारण निवड करायला यंत्रंच नव्हती. डायलिसिस म्हणजे मोजक्या शहरांतली मोजकी रुग्णालयं. बिहारच्या खेड्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या किडन्या त्या वर्षी गेल्या असत्या तर तो काही आठवड्यांत गेला असता. जेपी वाचले ते मुंबईत पोहोचले म्हणून, आणि ते जेपी होते म्हणून.

त्यांना घरी स्वतंत्र यंत्र मिळावं म्हणून लोकांनी वर्गणी काढली. अनेकांनी एक-एक रुपया दिला. इंदिरा गांधींनी पंतप्रधान मदत निधीतून 90 हजार रुपये पाठवले. ते परत केले गेले.

या परतीमागचं दुखणं फक्त राजकीय नव्हतं. इंदिराजींची आई कमला नेहरू आणि प्रभावती जिवलग मैत्रिणी होत्या. जेपींसाठी इंदिरा ही घरातली ‘इंदू’ होती. कमला नेहरूंनी लिहिलेली जुनी पत्रं प्रभावतींच्या निधनानंतर जेपींनी इंदिराजींकडे सोपवली होती. त्याच घरातल्या मुलीच्या सरकारनं त्यांना आत टाकलं होतं.

आठवड्याचं गणित

निरोगी किडनी आठवड्याचे 168 तास काम करते. डायलिसिसवरचा माणूस त्यातले साधारण दहा-बारा तास यंत्राला जोडलेला असतो. उरलेल्या वेळात प्यायलेलं पाणी, खाल्लेलं मीठ, सगळं अंगातच साठत राहतं. त्यामुळे पाणी मोजून प्यायचं. आजारी माणसाला आपण प्रेमानं नारळपाणी देतो, केळी देतो. किडनी गेलेल्या माणसाला तीच जिवावर बेतू शकतात, कारण दोन्हींत पोटॅशियम भरपूर.

शिवाय यंत्र रक्त गाळतं, पण किडनीचे हार्मोन बनवत नाही. रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन आज मिळतं, ते बाजारात यायला 1980 चं दशक संपत आलं होतं. जेपींच्या काळातल्या डायलिसिसच्या रुग्णाला अशक्तपणा आणि रक्त चढवणं चुकत नसे.

अशा शरीरानं जेपी 1977 च्या निवडणुकीत उतरले.

18 जानेवारी 1977 ला इंदिराजींनी निवडणुका जाहीर केल्या. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगातून सुटत होते, एकमेकांकडे संशयानं बघत होते. जेपींनी आग्रह धरला की एक व्हा, नाहीतर मी प्रचाराला येणार नाही. जनता पक्ष झाला. मग प्रचार. पण हा प्रचार डायलिसिसच्या वेळापत्रकावर चालायचा. एका शहरात सभा, मग यंत्र, मग थकवा, मग पुढचं शहर. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत जेवढं फिरता येईल तेवढं फिरायचं. आज निवडणुकीच्या काळात नेते दिवसाला सहा सभा घेतात, त्यांच्या हेलिकॉप्टरचे व्हिडिओ आपण बघतो. जेपी अनेकदा खुर्चीत बसून, थकलेल्या आवाजात बोलायचे आणि मैदानं भरायची.

मार्चमध्ये निकाल लागला. इंदिराजी स्वतः रायबरेलीत हरल्या. 24 मार्चला जेपींनी राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांना गांधीजींच्या समाधीपाशी शपथ दिली. पंतप्रधान कोण, हा वाद जेपी आणि आचार्य कृपलानी यांच्यावर सोपवला गेला आणि मोरारजींचं नाव ठरलं. त्या गडबडीतही जेपी हरलेल्या इंदिराजींना भेटायला त्यांच्या घरी गेले.

स्वतः त्यांनी कुठलंही पद घेतलं नाही. मे 1977 मध्ये ते उपचारांसाठी सिएटलला गेले, म्हणजे जिथे त्या शंटचा जन्म झाला त्याच शहरात.

पुढची दोन वर्षं त्यांना बघवली नसतील. मोरारजी, चरणसिंग, जगजीवनराम यांची भांडणं सुरू झाली. जेपींचा सल्ला कुणी ऐकेना. पाटण्याच्या कदमकुआँमधल्या घरी, नाहीतर जसलोकमध्ये, ते यंत्राला जोडलेले आणि बातम्या ऐकत. मार्च 1979 मध्ये तर त्यांच्याच आशीर्वादानं झालेल्या पंतप्रधानांनी त्यांना जिवंतपणी श्रद्धांजली वाहिली. जुलैमध्ये मोरारजींचं सरकार गेलं.

8 ऑक्टोबर 1979 ला पहाटे पाटण्याच्या घरी जेपी गेले. 77 व्या वाढदिवसाला तीन दिवस बाकी होते. या वेळची बातमी खरी होती, आणि गंगेच्या काठी त्यांना निरोप द्यायला पाटण्यात गर्दी मावली नाही.